लालबागच्या एका पोत्यातला उत्तर हिमालय : दगडफुलाच्या एका तक्रारीचा अभ्यास

तक्रार मसाल्याची होती. लालबागला वर्षानुवर्षं घरगुती मसाले करून विकणाऱ्या एका काकूंनी मार्चमध्ये, लोकांची वर्षाची बेगमी ऐन भरात असताना, नेहमीच्या व्यापाऱ्याकडून दगडफुलाचं पोतं घेतलं. त्यातलं दगडफूल घालून गोडा मसाला कांडला आणि जुन्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. वास नेहमीचा नाही, आमटीला मागाहून कडसर चव राहते. काकूंनी पोतं जमिनीवर पसरलं, तर काळ्या-करड्या पापुद्र्यांमध्ये दोऱ्यासारख्या पिवळट हिरव्या जटा निघाल्या. भेसळ झाली, असं त्यांचं म्हणणं. व्यापारी म्हणाला, "काकू, माल उत्तरेचा आहे. वरूनच असा येतो."

काकूंची पुतणी माझी विद्यार्थिनी, म्हणून त्यांनी ते पोतं माझ्यापर्यंत आणलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि लायकेन हा माझा आवडीचा विषय आहे. काकूंचे प्रश्न तीन होते: यात नेमकं काय आहे, हे कुठून आलं आणि हे मसाल्यात घालावं की नाही? पहिला आणि तिसरा प्रश्न त्यांच्या धंद्याचा होता. दुसरा त्यांनी नुसत्या उत्सुकतेने विचारला होता, पण बाकीच्या दोहोंची किल्ली त्यातच निघाली.

पोत्यात काय होतं

दगडफूल म्हणजे लायकेन. मराठी विज्ञानलेखनात त्याला शैवाक असंही म्हणतात. बुरशी आणि शैवल यांनी मिळून बांधलेलं ते शरीर असतं. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं. बुरशी घर बांधते, ओल धरते आणि उन्हापासून आडोसा देते. हे दुहेरी स्वरूप स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं तेव्हा त्या काळच्या अनेक लायकेन-अभ्यासकांनी ते उडवून लावलं होतं. जगात लायकेनच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि भारतात अडीच हजारांहून जास्त नोंदल्या गेल्या आहेत. बाजारात त्यातल्या कितीतरी जाती एकाच नावाने विकल्या जातात.

पोत्याच्या तोंडाशी नेहमी चांगला माल असतो, म्हणून वरून, मधून आणि तळातून असे वेगवेगळे नमुने घेतले. तळातला चुरा मुद्दाम वेगळा ठेवला. अशा कामात चुरा फार बोलका असतो, हे पुढे दिसेलच. मग पांढऱ्या कागदावर सगळं पसरून नुसत्या डोळ्यांनी ढीग पाडले. लायकेन कोरडं असताना चुरचुरतं आणि मोडतं. पाण्याचा हलका फवारा मारला की काही मिनिटांत मऊ होऊन आपला खरा आकार दाखवतं. ओळखीचं काम ओल्या तुकड्यांवरच करावं.

मोठा ढीग रुंद, सैल पाळ्यांच्या पापुद्र्यांचा झाला. वरून राखाडी, खालून काळा, कडेला तपकिरी. हा पार्मोट्रेमा गट, म्हणजे गोड्या मसाल्याचं खरं दगडफूल. दुसरा ढीग अरुंद पट्ट्यांचा होता. पट्ट्या पन्हळीसारख्या मधे खोलगट, कडांना काळे केस. ही हायपोट्रॅकायना सिऱ्हाटा. जुन्या पुस्तकांत ती एव्हर्निअॅस्ट्रम या नावाने सापडते. तिसरा, लहानसा ढीग फिकट, नाजूक पाळ्यांच्या हेटेरोडर्मियाचा. चौथ्यात चपट्या फितींची रामालिना, आणि पाचवा ढीग काकूंच्या त्या जटांचा.

पार्मोट्रेमाच्या ढिगात नुसत्या डोळ्यांनी पुढे जाता येत नाही. तिथे रसायनं लागतात आणि त्यांची गंमत ही की बहुतेक घरातच मिळतात. पापुद्र्याचा वरचा थर ब्लेडने खरवडून आतल्या पांढऱ्या गाभ्यावर कपडे धुण्याच्या ब्लीचचा थेंब टाकला. काही तुकड्यांवर तो क्षणात लालभडक झाला. लेकॅनोरिक आम्लाची ही खूण. जात पार्मोट्रेमा टिंक्टोरम. काही तुकड्यांवर ब्लीचने काहीच झालं नाही, पण कॉस्टिक पोटॅशच्या थेंबाने गाभा आधी पिवळा आणि मग गंजासारखा लाल झाला. सॅलाझिनिक आम्ल. त्या तुकड्यांच्या पाठीवर भिंगाखाली पांढऱ्या रेघांची जाळीही दिसली, म्हणून पार्मोट्रेमा रेटिक्युलॅटम. आणखी काही तुकडे अंधारात जंतुनाशक अतिनील दिव्याच्या नव्हे, तर नोटा तपासण्याच्या साध्या अतिनील टॉर्चखाली धरले तेव्हा गाभ्यातून निळसर पांढरे चमकले. हे पार्मोट्रेमा निलघेरेन्सी. नाव निलगिरीचं असलं तरी ही जात हिमालयातही मिळते.

या ओळखीसाठी आम्ही धरणीधर अवस्थी यांनी १९८८ साली भारत आणि नेपाळमधल्या मोठ्या लायकेनसाठी प्रसिद्ध केलेली ओळख-किल्ली, म्हणजे एकेक लक्षण जुळवत जातीच्या नावापर्यंत नेणारी सूची, वापरली. भारतात लायकेन शिकणारा प्रत्येक जण अवस्थींच्या लखनौच्या कामावर उभा आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन आणि माखिजा यांनी सह्याद्रीतल्या लायकेनवर केलेलं काम तितकंच मोलाचं आहे. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ते वाचायला हवं. आपल्याकडचं लायकेन ठाऊक असल्याशिवाय उत्तरेचं वेगळेपण ओळखताच येत नाही.

जात कळली, जागा कळली नाही

इथे थोडं अडायला झालं. पार्मोट्रेमा टिंक्टोरम हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरात आहे आणि सह्याद्रीतही. पार्मोट्रेमा रेटिक्युलॅटम तर जगभर पसरलेलं. हायपोट्रॅकायना सिऱ्हाटा हिमालयाच्या थंड उतारांवर भरपूर आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या उंच डोंगरांवरही. म्हणजे निव्वळ या यादीवरून हे पोतं उत्तराखंडातल्या रामनगरच्या मंडीतून आलं की दक्षिणेतून, हे ठरत नव्हतं. "उत्तरेचा माल" हे व्यापाऱ्याचं वाक्य अजून नुसतं वाक्यच होतं.

उत्तर चुऱ्यात सापडलं. लायकेन ओरबाडून काढतात तेव्हा ते एकटं येत नाही. सालीची ढलपी, शेवाळाचे धागे, पानांचे तुकडे, सूचिपर्ण झाडांच्या सुया असं सगळं पोत्यात उतरतं. चाळणीतून चुरा गाळला तर त्यात पाइनच्या सुया निघाल्या. पाइनच्या सुया जुडीने येतात आणि जुडीत किती हे जातीनुसार ठरलेलं असतं. तीन सुयांची, बुडाशी टिकाऊ वेष्टण असलेली जुडी म्हणजे चीड. पाच सुयांची, वेष्टण गळून पडलेली जुडी म्हणजे कैल, अर्थात हिमालयातला निळा पाइन. दोन्ही आमच्या चुऱ्यात होत्या. सह्याद्री-निलगिरीत या दोन झाडांची नैसर्गिक जंगलं नाहीत. पश्चिम हिमालयात आहेत, पण वेगवेगळ्या उंचीला: चीड साधारण ५०० ते २००० मीटरच्या पट्ट्यात, कैल त्याच्या वर, पार ३००० मीटरच्याही पुढे.

म्हणजे व्यापारी खरं बोलत होता, माल उत्तरेचाच. पण तो एका जंगलातला नव्हता. खालच्या चिडाच्या उतारांवरचा आणि वरच्या थंड जंगलातला असा दोन मजल्यांवरचा माल एकाच पोत्यात भरला गेला होता. काकूंच्या नेहमीच्या आणि या वर्षीच्या मालातला फरक इथेच पडला होता.

उत्तराखंडात हे कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. कुमाऊँ आणि गढवालच्या गावांत लायकेनला झूला म्हणतात. बायका-माणसं शेतीची कामं नसताना जंगलातून ते गोळा करतात, गावपातळीवर ते एकत्र होतं आणि पुढे रामनगर, टनकपूर यांसारख्या मंड्यांत लिलावाला जातं. तिथून मसाल्याकडे, धूप-हवनसामग्रीकडे आणि कनौजच्या अत्तरवाल्यांकडे. हिना अत्तरात छरीला लागतो, तो हाच. मंडीत पोहोचेपर्यंत कुठल्या गावचं, कुठल्या उंचीचं, कुठल्या झाडावरचं, ही सगळी माहिती गळून गेलेली असते. आपण ज्याला एकच जिन्नस समजतो, तो प्रत्यक्षात अनेक जंगलांचा गोळाबेरीज माल असतो.

सालीच्या ढलप्यांत बांजच्या, म्हणजे हिमालयातल्या ओकच्या सालीचे तुकडे सर्वांत जास्त होते. याचं कारण आहे. बांजची साल खडबडीत आणि भेगाळलेली असते, पाणी धरते आणि झाडावर वर्षानुवर्षं टिकते. चिडाची साल आम्लधर्मी आणि पापुद्रे सुटत जाणारी, तिच्यावर लायकेनला पाय रोवता येत नाही. म्हणून चिडाच्या जंगलातही गोळा करणारे लोक बांजच्याच झाडांकडे वळतात. बांजची जंगलं तुटून तिथे चीड पसरला की लायकेनची संख्याही घटते आणि जातींची विविधताही. पाणी अडवून झरे जिवंत ठेवणारं झाड म्हणून बांजचं कौतुक होतं. मसाल्याच्या डब्याशीही त्याचं नातं आहे, हे मुंबईत कुणाच्या गावी नसतं.

त्या जटा

आता काकूंच्या भेसळीकडे. ओली केलेली एक जट दोन्ही टोकांना धरून हळूच ओढली तर वरची साल तुटली आणि आत पांढरा, रबरासारखा ताणणारा दोरा उघडा पडला. हा दोरा असणारी प्रजाती उस्निया. रामालिनात असा दोरा नसतो, त्यामुळे दोहोंतला गोंधळ इथेच मिटतो. आमच्या जटांची मुख्य दांडी लांब आणि बऱ्याच ठिकाणी सालीविना, नुसता दोराच उरलेली. तिला काटकोनात छोट्या छोट्या फांद्या. दोऱ्यावर आयोडीनचा थेंब टाकला, तो निळा झाला. उस्निया लाँगिसिमा. नव्या वर्गीकरणात तिला डोलिकूस्निया म्हणतात.

माझ्या दृष्टीने पोत्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही होती. उस्निया लाँगिसिमा हिमालयाच्या वरच्या, धुकट जंगलांत देवदार, ओक आणि फरच्या फांद्यांवरून लोंबते. पण ती फक्त हिमालयाची नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडची जुनी स्प्रूस जंगलं, रशियाचा अतिपूर्व भाग, जपान, अलास्कापासून ऑरेगनपर्यंतचा पॅसिफिक किनारा, अशी ती उत्तर गोलार्धाच्या डोक्याभोवती कड्यासारखी पसरली आहे. त्या कड्याचं दक्षिणेकडे उतरलेलं टोक म्हणजे आपला हिमालय. लालबागच्या पोत्यातली ती जट आणि स्वीडनच्या जंगलात लोंबणारी जट एकाच जातीच्या.

उत्तरेच्या लायकेन-भूगोलाचं एक ठळक सूत्र यातून समजतं. डोंगरावर वर चढत जाणं म्हणजे ध्रुवाकडे सरकत जाणंच. पायथ्याला पार्मोट्रेमा टिंक्टोरमसारख्या उष्ण प्रदेशाच्या जाती, मधे हायपोट्रॅकायना, त्यावर लोंबणारी उस्निया, आणि झाडांची रेषा संपली की उघड्या दगडावर पिवळं-हिरवं नकाशासारखं रायझोकार्पन जिओग्राफिकम आणि केशरी झँथोरिया एलिगन्स. शेवटच्या दोन जाती आर्क्टिकच्या खडकांवरही तशाच आढळतात. रायझोकार्पन इतकं सावकाश आणि नियमित वाढतं की त्याच्या वर्तुळाचा व्यास मोजून हिमनदी कधी मागे सरकली याचा अंदाज बांधतात; शास्त्रज्ञ रोलँड बेशेल यांनी ही पद्धत १९५० मध्ये मांडली. हिमालयाच्या उंच गवताळ पठारांवर थॅम्नोलिया नावाचं पांढऱ्या अळीसारखं लायकेन जमिनीवर पडलेलं दिसतं, तेही टुंड्राचं रहिवासी.

जसजसं उत्तरेला जावं तसं झाडाझुडपांचं राज्य आखडतं आणि लायकेनचं पसरतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर नेचे धरून वाहिनीवंत, म्हणजे अंगात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असलेल्या, वनस्पतींच्या देशी जाती २०० च्या आत आहेत. लायकेनच्या जाती त्याच्या तिपटीहून जास्त. अर्थात यावरून उष्ण प्रदेशात लायकेन कमी असं समजू नये. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात जाती भरपूर आहेत, पण त्यातल्या बऱ्याच सालीला रंगासारख्या चिकटून बसलेल्या, नखाने निघणारही नाहीत अशा. उत्तरेत मात्र लायकेन जमीन झाकतं, फांद्या भरून टाकतं आणि प्राण्यांचं पोट भरतं. रेनडिअरचा हिवाळा क्लॅडोनिया गटाच्या लायकेनवर निघतो.

उस्निया लाँगिसिमा युरोपच्या मोठ्या भागातून नाहीशी झाली किंवा फार दुर्मिळ झाली आहे. कारणं दोन: हवेतला गंधक-धूर आणि जुनी जंगलं एकदम साफ करण्याची तोड. तिला बीजाणू क्वचितच येतात. ती तुटलेल्या तुकड्यांनी पसरते, आणि तुकडा वाऱ्याने फार लांब जात नाही, शेजारच्या फांदीवर पडतो. म्हणून एखादं जंगल एकदा कापलं की नव्याने लावलेल्या झाडांवर तिचं परत येणं अतिशय सावकाश होतं. आपल्या हिमालयात ती अजून जटांनी लोंबते आहे, आणि आपण ती धान्याच्या भुशासारखी पोत्यात भरून, दगडफूल म्हणून, किलोच्या भावाने विकतो आहोत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मसाल्यात तिचा उपयोगही नाही.

कढईवरची परीक्षा

उपयोग नाही हे कशावरून? काकूंच्या स्वयंपाकघरात प्रत्येक ढीग वेगवेगळा, थोड्या तेलात परतून पाहिला. दगडफुलाचा वास कच्च्यात जवळपास नसतो; गरम तेलात त्यातली लायकेन-आम्लं तुटतात तेव्हा तो सुटतो. पार्मोट्रेमाच्या ढिगाने काकूंचा चेहरा लगेच खुलला. हायपोट्रॅकायनाचा वासही जवळचा, जरा मातकट. उस्नियाचा वास जळक्या गवतासारखा आला आणि जिभेवर टेकवल्यावर कडू लागली. त्या कडूपणात युस्निक आम्लाचा मोठा वाटा आहे. हे आम्ल जास्त मात्रेत यकृताला अपाय करतं. २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने युस्निक आम्ल असलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांविरुद्ध इशारा दिला होता. गोड्या मसाल्यातलं प्रमाण त्या मानाने अगदी चिमटीचं, तेव्हा ज्यांनी तो मसाला खाल्ला त्यांनी घाबरण्याचं कारण नाही. पण ज्या वस्तूने वास येत नाही, चव बिघडते आणि जंगलाची हानी होते, ती मसाल्यात का घालायची?

दुसरी काळजी ठिकाणाची. लायकेनला मुळं नसतात, पानांवर असतं तसं मेणाचं आवरणही नसतं. पाणी, धूळ, धातू, जे काही हवेतून येईल ते सगळं शरीरात साठतं. फिनिश शास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शहराच्या धुराने लायकेन कशी हटतात हे १८६६ मध्येच नोंदवलं होतं. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर किरणोत्सारी सीझियम स्कँडिनेव्हियाच्या लायकेनमध्ये उतरलं, तिथून रेनडिअरमध्ये, आणि नॉर्वेला रेनडिअरच्या मांसातल्या सीझियमची मर्यादा त्याच वर्षी किलोला ६००० बेकेरेलपर्यंत (बेकेरेल हे किरणोत्साराचं माप) वाढवावी लागली, नाही तर तिथल्या सामी आदिवासी पशुपालकांचा धंदाच बसला असता. म्हणून डोंगरातल्या रहदारीच्या रस्त्याकडेला गोळा केलेलं दगडफूल आणि आतल्या जंगलातलं दगडफूल, दिसायला सारखं असलं तरी खायला सारखं नाही.

"मग आपल्याकडचंच का नाही घ्यायचं, मॅडम?" काकूंनी विचारलं. मी त्यांना त्यांच्याच इमारतीसमोरच्या आंब्याच्या खोडाजवळ नेलं. तिथे पिक्सिने कोकोज नावाच्या लायकेनचे फिकट, सालीला घट्ट चिकटलेले गोल होते. गरम, धुरकट शहरात तग धरणारी ही जात. मुंबईत चार महिने पाऊस, मग आठ महिने उकाडा, वाहनांचा धूर आणि बांधकामाची धूळ. रुंद पाळ्यांचं पार्मोट्रेमा इथे टिकत नाही. महाबळेश्वरच्या धुक्यात ते दिसतं, पण तिथल्या जंगलातून ओरबाडून आणणं हा उपाय नव्हे. पापुद्र्यासारखं लायकेन वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. सुकलं की ते अत्यंत हलकं होतं, म्हणून एका पोत्यासाठी किती फांद्या खरवडल्या गेल्या असतील याचा विचार करावा.

काय ठरलं

भेसळ म्हणता येईल असं पोत्यात काही नव्हतं. सगळं लायकेनच होतं, पण निवडलेलं नव्हतं. काकूंनी उरलेल्या मालातून उस्निया आणि रामालिना हाताने काढून टाकली, चुरा गाळून फेकला आणि उरलेलं पार्मोट्रेमा स्वच्छ करून कांडलं. तक्रार केलेल्या गिऱ्हाइकांना मसाला बदलून दिला. निवडण्याची पद्धत त्यांनी सुनेलाही शिकवली: रुंद पापुद्रा ठेवायचा, खोलगट केसाळ पट्टी चालेल, दोरा काढायचा. रसायनाची गरज नाही. डोळा आणि ओला हात पुरेसा आहे.

व्यापाऱ्याशी बोलणं मीही केलं. तो चिडला नाही. जटांचा माल हवन-धुपासाठी वेगळा जातो, यंदा तो मसाल्याच्या मालात मिसळून आला हे त्याने कबूल केलं. पुढच्या खरेदीपासून तो मंडीचं नाव आणि लिलावाचा लॉट पोत्यावर लिहून घेणार आहे, आणि पापुद्र्याच्या निवडलेल्या मालासाठी काकू किलोमागे थोडा जास्त भाव देणार आहेत. तो जास्तीचा भाव निवडणाऱ्या हातांपर्यंत पोहोचावा म्हणून लॉटवर गावाचं किंवा वनपंचायतीचं, म्हणजे गावाचं जंगल सांभाळणाऱ्या पंचायतीचं, नावही मागा, असं मी दोघांना सांगितलं आहे. लालबागच्या आणखी दोन मसालेवाल्या मावशींनी काकूंबरोबर एकत्र मागणी नोंदवायची तयारी दाखवली आहे, कारण एकट्या गिऱ्हाइकासाठी मंडीतला अडत्या पोतं वेगळं काढत नाही.